अणुभौतिकशास्त्रज्ञाचे संशोधन आणि त्याचा सायटेशन-प्रभाव कसा मोजावा

एच-इंडेक्स ६५, म्हणजे ज्यांचा इतर पेपरांत प्रत्येकी किमान ६५ वेळा उल्लेख (सायटेशन) झाला आहे असे ६५ पेपर. एवढ्या एका आकड्यावरून अणुभौतिकशास्त्रज्ञाबद्दल जवळपास काहीच कळत नाही. हजार सहलेखकांच्या जड-आयन प्रयोगात दहा वर्षे नाव लागलेल्या माणसाचा तो असू शकतो, किंवा चाळीस वर्षे दोघा-तिघांत सिद्धान्त मांडणाऱ्याचाही. उलट, गॅमा-स्पेक्ट्रोस्कोपीत एका समस्थानिकाच्या ऊर्जापातळ्या वर्षानुवर्षे नीट लावणाऱ्या संशोधकाचा इंडेक्स १८ वर अडकतो आणि त्याची मोजमापे मात्र जगभरच्या गणनांत रोज वापरली जातात. म्हणून या क्षेत्रात मोजणीआधी वेगळे करणे येते. कामाचे प्रकार वेगळे केले नाहीत तर पुढचा सगळा हिशेब बिनचूक असूनही निरुपयोगी ठरतो.

निवड समितीसाठी, विभागाच्या अहवालासाठी किंवा एखाद्याच्या कार्याचा आढावा घेण्यासाठी हे काम करायचे असेल, तर पुढच्या क्रमाने जा.

आधी पेपरांची यादी पक्की करा

कोणत्याही डेटाबेसमधला तयार आकडा उचलू नका. यादी तुम्ही बांधा, सायटेशन नंतर जोडा.

सुरुवात संशोधकाच्या स्वतःच्या प्रकाशनयादीने आणि त्याच्या ऑर्किड क्रमांकाने (संशोधकाचा कायमचा सोळा अंकी ओळखक्रमांक) करावी. ऑर्किड २०१२ मध्ये सुरू झाले, त्यामुळे त्याआधीचे पेपर तिथे असतीलच असे नाही. ते संशोधकाने स्वतः भरावे लागतात आणि बरेच जण भरत नाहीत. मग पुढच्या पाच ठिकाणी शोध घ्या. प्रत्येक ठिकाणाची खोड वेगळी आहे.

न्यूक्लिअर सायन्स रेफरन्सेस, म्हणजे एनएसआर, ही ब्रुकहेव्हनच्या राष्ट्रीय अणुदत्त (न्यूक्लिअर डेटा) केंद्राची सूची. अणुरचना, अभिक्रिया आणि क्षय यांवरचे शंभराहून अधिक वर्षांचे साहित्य तिथे विषयवार लावलेले आहे. लेखकाच्या नावाने शोधता येते आणि पहिला लेखक म्हणून वेगळेही शोधता येते. प्रत्येक नोंदीला आठ अक्षर-अंकांची किल्ली असते: चार अंकी वर्ष, पहिल्या लेखकाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरे आणि शेवटची दोन स्थाने. शेवटी अंक असतील तर तो सहसा नियतकालिकातला पेपर. अक्षरे असतील तर परिषदेचा लेख, अहवाल किंवा प्रबंध. ही खूण फार उपयोगी पडते, कारण पुढे परिषदेचे लेख वेगळे काढायचेच आहेत. मात्र एनएसआर सायटेशनचे आकडे देत नाही, आणि डिटेक्टर किंवा इलेक्ट्रॉनिक्सवरचे पेपर तिच्या कक्षेत येत नाहीत.

इन्स्पायर ही उच्च-ऊर्जा भौतिकीची सूची. सैद्धान्तिक अणुभौतिकी, हॅड्रॉन आणि सापेक्षतावादी जड-आयन टकरी यांसाठी ती उत्तम. कमी ऊर्जेच्या स्पेक्ट्रोस्कोपीसाठी ती अपुरी आहे. तिथला आकडा कमी दिसला म्हणून काम कमी आहे असे समजू नका. लेखकसंख्येवर मर्यादा घालून शोधायची सोय तिथे आहे, ती पुढे लागेल.

वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस हे दोन सशुल्क डेटाबेस बहुतेक संस्थांच्या हिशेबाचा आधार असतात. स्कोपसमध्ये संदर्भयाद्या साधारण १९७० पासूनच्या लेखांच्याच आहेत. १९६० च्या दशकात गाजलेल्या पेपरला त्या काळात मिळालेली सायटेशन तिथे दिसणारच नाहीत. ज्येष्ठ संशोधकांच्या बाबतीत ही तूट खरोखर मोठी असते. तिथे वेब ऑफ सायन्स वापरावे, आणि संस्थेच्या वर्गणीत जुन्या वर्षांची फाइल आहे का हे आधी विचारून घ्यावे.

गूगल स्कॉलर सगळ्यात जास्त आकडा देतो. प्रबंध, अहवाल, प्रीप्रिंट असे सगळे त्यात येते. हरवलेल्या नोंदी हुडकायला तो चांगला, पण अंतिम आकड्यासाठी घेऊ नये: एकाच पेपरचे आर्काइव्ह या प्रीप्रिंट-संग्रहावरचे आणि छापील रूप कधी एकत्र धरले जाते, कधी वेगळे, आणि स्वतःची सायटेशन वगळायची सोय नाही.

तांत्रिक अहवाल महत्त्वाचे असतील, विशेषतः रिअ‍ॅक्टर भौतिकी किंवा न्यूट्रॉन-दत्तांवर काम केलेल्यांसाठी, तर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची १९७० मध्ये सुरू झालेली इनिस ही सूचीही चाळावी. बाकीच्यांना ती सोडली तरी चालते.

नावांचा गुंता

चुका सगळ्यात जास्त इथे होतात. वांग, ली, किम, कुमार, सिंग अशी आडनावे आणि पुढे एकच आद्याक्षर असेल, तर एका प्रोफाइलमध्ये तीन माणसे सहज शिरतात. याउलट लग्नानंतर बदललेले आडनाव, कधी लिहिलेले तर कधी गाळलेले मधले नाव, रशियन नावांची वेगवेगळी लिप्यंतरे, यांमुळे एकच माणूस चार प्रोफाइलमध्ये विखुरतो.

नावावर विसंबू नका. तीन गोष्टी जुळवा: संस्था, सहलेखक आणि विषय. तिन्हींपैकी दोन जुळल्या तर नोंद ठेवा, एकच जुळली तर पेपर उघडून पाहा. मोठ्या प्रयोगांत मात्र ही कसोटी लंगडी पडते. हजार नावांच्या यादीत त्याच आडनावाची आणि आद्याक्षराची दोन माणसे असू शकतात आणि सहलेखकही तेच असतात. तिथे लेखकयादीत नावापुढे दिलेला संस्थेचा क्रमांक पाहण्याला पर्याय नाही.

यादी झाली की तिच्यातले ३० पेपर यदृच्छेने निवडून मूळ पानावर तपासा. दोन किंवा अधिक चुकीचे निघाले तर यादी पुन्हा गाळा. एखादाच निघाला तर तो काढून पुढे जा.

तक्ता भरताना शून्य सांभाळा

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक पेपरला एक ओळ. रकाने: डीओआय (पेपरचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक), वर्ष, नियतकालिक, खंड, लेखक्रमांक, एकूण लेखक, संशोधकाचे स्थान, कामाचा प्रकार, एकूण सायटेशन, स्वतःची सायटेशन वगळून उरलेली, मोजणीची तारीख आणि डेटाबेस.

फाइल आयात करण्याआधी लेखक्रमांकाचा रकाना 'मजकूर' म्हणून ठरवून टाका. फिजिकल रिव्ह्यू सी मध्ये आता पृष्ठांऐवजी सहा अंकी लेखक्रमांक असतात आणि त्यांतले पहिले दोन आकडे नियतकालिकाच्या अंकाचा (इश्यूचा) क्रमांक सांगतात. ०३४३१५ हा तिसऱ्या अंकातला लेख. स्प्रेडशीट त्याला संख्या समजते, पुढचे शून्य गिळते आणि ३४३१५ ठेवते. मग दुसऱ्या डेटाबेसमधल्या ०३४३१५ शी तो जुळत नाही आणि एकच पेपर दोनदा मोजला जातो. एका खंडात सहाच अंक असतात, म्हणून असा प्रत्येक सहा अंकी लेखक्रमांक शून्याने सुरू होतो आणि दोष सगळ्याच ओळींत शिरतो. ऑर्किडचेही तसेच: सोळा अंक मधल्या आडव्या रेघांशिवाय टाकले तर स्प्रेडशीट सुरुवातीची शून्ये गिळते आणि क्रमांक बिघडतो.

दोन याद्या जोडताना डीओआयवर जोडा. सगळे डीओआय आधी लहान अक्षरांत करून घ्या. एकाच डीओआयमधली मोठी-लहान अक्षरे वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये वेगवेगळी येतात. डीओआय नसलेल्या जुन्या पेपरसाठी नियतकालिक, खंड आणि पृष्ठ यांची जोड वापरा. शुद्धिपत्रांना स्वतंत्र डीओआय असतो, पण ते वेगळे संशोधन नव्हे. ती ओळ काढा आणि तिची सायटेशन मूळ पेपरला जोडा.

कामाचे प्रकार वेगळे करा

खरे मूल्यमापन इथे घडते, म्हणून वेळ इथेच घालवा. प्रत्येक पेपर पुढच्यांपैकी एका प्रकारात टाका.

मोठ्या प्रयोगांचे पेपर. एलएचसी या सर्नच्या कणत्वरकावरच्या ॲलिस प्रयोगाच्या पेपरवर हजाराच्या आसपास नावे असतात आणि ती आडनावांच्या वर्णक्रमाने. तिथल्याच ॲटलस आणि सीएमएस या प्रयोगांनी २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावर एकत्र काढलेल्या पेपरवर ५,१५४ लेखक होते. अशा यादीत नाव असणे हे कित्येक वर्षांच्या शिफ्ट, कॅलिब्रेशन, सॉफ्टवेअर अशा खऱ्या श्रमाचे फळ असते, आणि ते कमी लेखू नये. पण त्या पेपरच्या सायटेशनवरून या एका माणसाबद्दल काही कळत नाही. इथे विचारायचे ते वेगळेच: विश्लेषणाच्या मुख्य गटात तो होता का, अंतर्गत टिपणे कुणी लिहिली, कोणत्या उपप्रणालीची जबाबदारी कुणाकडे होती, प्रयोगाच्या वतीने परिषदेत कोण बोलले. ही माहिती डेटाबेसमध्ये नसते. ती संशोधकाकडून लेखी घ्या आणि प्रयोगाच्या भौतिकी-समन्वयकाकडून पडताळून घ्या.

छोट्या गटाचे प्रयोग. पहिले नाव सहसा विश्लेषण केलेल्या विद्यार्थ्याचे किंवा पोस्टडॉकचे, प्रयोगाचा प्रस्ताव मांडणारा प्रवक्ता दुसरा किंवा शेवटचा, आणि मधले वर्णक्रमाने किंवा संस्थेनुसार. म्हणून 'पहिला लेखक म्हणून किती' हा प्रश्न गटप्रमुखाला लावला तर त्याच्यावर अन्याय होतो. किरणोत्सर्गी आयन-झोतांवरच्या प्रयोगांत आज ३० ते ६० लेखक सहज असतात. त्यामुळे दहापेक्षा जास्त लेखक म्हणजे मोठा प्रयोग, अशी रेघ ओढू नका. साठच्या पुढे गेलात की प्रत्येक पेपर उघडून ठरवा.

सिद्धान्त. एक ते पाच लेखक. नावांचा क्रम कधी वर्णक्रमाने, कधी योगदानाने. दोन-तीन पेपर पाहिले की गटाची रीत कळते.

उपकरणे आणि सॉफ्टवेअर. डिटेक्टरचे पेपर बहुधा न्यूक्लिअर इन्स्ट्रुमेंट्स अँड मेथड्स मध्ये जातात. जिआन्ट४ या सिम्युलेशन-सॉफ्टवेअरचा २००३ चा पेपर तिथलाच, आणि त्याची सायटेशन हजारोंनी आहेत, कारण जो कुणी ते सिम्युलेशन चालवतो तो त्याचा उल्लेख करतो. अशा एका पेपरमुळे सरासरीला काही अर्थ राहत नाही. डिटेक्टरच्या पेपरचे उलटे होते: उपकरण बांधायला सहा वर्षे जातात, आणि वापरणारे उल्लेख करतात तो भौतिकीच्या पहिल्या निकालाचा.

मूल्यमापित दत्त आणि आढावे. अणुवस्तुमानांचे मूल्यमापन, म्हणजे एएमई, हे ठळक उदाहरण. ऑडी आणि वाप्स्ट्रा यांच्या परंपरेतले हे काम २०१२, २०१६ आणि २०२० या आवृत्त्यांत चायनीज फिजिक्स सी मध्ये आले. वस्तुमान लागते तो प्रत्येक जण याचा उल्लेख करतो. २०२० ची आवृत्ती दोन भागांत आहे आणि सोबत न्यूबेसचा (अणुकेंद्रांच्या गुणधर्मांच्या तक्त्याचा) स्वतंत्र पेपर आहे. हे तिन्ही एकमेकांपासून वेगळे ठेवा. सायटेशन त्यांच्यात असमान वाटलेली असतात.

परिषदेचे लेख शेवटी. हेच निकाल नंतर पूर्ण पेपरात येतात, म्हणून ते संख्येत धरू नका. पूर्ण पेपर कधीच आला नसेल तरच धरा.

वेगळे केल्यावर चित्र किती बदलते, ते एका कल्पित संशोधकावरून पाहा. एकूण पेपर २१२, सायटेशन १२,४१०, एच-इंडेक्स ५२. विभागणी अशी: मोठ्या प्रयोगाचे १२० पेपर आणि ९,६०० सायटेशन, छोट्या गटाचे ५८ आणि १,४५०, उपकरणांचे १४ आणि ४२०, मूल्यमापनाचे ६ आणि ९००, परिषदांचे १४ आणि ४०. तीन चतुर्थांशाहून थोडी जास्त सायटेशन एकाच प्रकारात आहेत. फक्त छोट्या गटाच्या पेपरवर काढलेला एच-इंडेक्स येतो १९, आणि याच क्षेत्रातल्या दुसऱ्या स्पेक्ट्रोस्कोपिस्टशी तुलना करायची तर ती या १९ शी. मूल्यमापनाच्या सहा पेपरांची ९०० सायटेशन सर्वांत बोलकी आहेत, कारण त्यांतून दिसते की हा माणूस इतरांचा दत्त पारखतो आणि लोक त्या पारखीवर विश्वास ठेवतात.

आता हिशेब

एच-इंडेक्स हर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. सायटेशन उतरत्या क्रमाने लावा. ९६, ६१, ४०, ३३, २१, १८, १२, ९, ८, ७ अशी यादी असेल तर आठव्या पेपरला ९ आहेत, म्हणजे आठाहून कमी नाहीत. नवव्याला ८ आहेत, म्हणजे नवापेक्षा कमी. इंडेक्स ८. पहिल्या पेपरची ९६ उद्या ९६० झाली तरी तो ८ च राहतो, आणि ही त्याची मर्यादा लक्षात ठेवावी. तो वयाबरोबर वाढतच जातो, कधी कमी होत नाही. त्यामुळे तरुण आणि ज्येष्ठ यांची तुलना त्यावर करू नये. पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागले तर थोडा अंदाज येतो, पण पहिल्या आठ-दहा वर्षांत ते भागफलही फार हेलकावते.

मग अंशतः मोजणी. प्रत्येक पेपरची सायटेशन लेखकसंख्येने भागा आणि बेरीज करा. हजार लेखकांच्या पेपरला २०० सायटेशन असतील तर वाट्याला येतात ०.२, पाच जणांच्या पेपरला ४० असतील तर ८. ही मोजणी क्रूर आहे, कारण ती सर्व लेखकांना समान धरते आणि मोठ्या प्रयोगातल्या श्रमाला जवळपास शून्य करते. तरीही दोन टोके शेजारी ठेवायला तिच्याहून सोपे साधन नाही. पूर्ण आणि अंशतः दोन्ही आकडे द्यावेत. एकटा कोणताही देऊ नये.

स्वतःची सायटेशन वगळताना व्याख्या लिहून ठेवा. स्कोपस दोन पर्याय देतो: फक्त या लेखकाची वगळा, किंवा सर्व सहलेखकांची. छोट्या गटाच्या पेपरला दुसरा पर्याय योग्य. मोठ्या प्रयोगाला तो लावला तर हजारांपैकी कुणाचाही कुठलाही पेपर 'स्वतःचा' ठरतो आणि खऱ्या वाचकांची सायटेशनही जातात. तिथे पहिला पर्याय वापरा.

क्षेत्रानुसार सामान्यीकरण करताना, म्हणजे पेपरची सायटेशन त्या क्षेत्राच्या सरासरीने भागताना, स्कोपसच्या वर्गवारीकडे नीट बघा. तिथे अणुभौतिकी आणि उच्च-ऊर्जा भौतिकी एकाच वर्गात आहेत. कणभौतिकीत सायटेशनची घनता जास्त, त्यामुळे संदर्भाची सरासरी वर सरकते आणि कमी ऊर्जेवर काम करणाऱ्याचे गुणोत्तर १.०० च्या खाली दिसते. त्या पेपरची तुलना योग्य समूहाशी केली तर तो सरासरीच्या वरही असू शकतो. वेब ऑफ सायन्समध्ये हे दोन वर्ग वेगळे आहेत, म्हणून या एका कामासाठी तो बरा. आणि सरासरीऐवजी शतमान वापरा: त्याच वर्षी त्याच वर्गात आलेल्या पेपरांपैकी वरच्या १० टक्क्यांत किती, वरच्या १ टक्क्यात किती. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर व्यक्तीच्या मूल्यमापनात आणू नका. तो नियतकालिकाची दोन वर्षांची सरासरी सांगतो, या पेपरबद्दल काही नाही. संशोधन-मूल्यमापनाविषयीच्या डोरा जाहीरनाम्यात २०१२ पासून हेच सांगितले आहे.

हरवलेली सायटेशन

यंत्राला न जुळलेले संदर्भ वेब ऑफ सायन्सच्या उद्धृत-संदर्भ शोधात सापडतात. जुन्या अणुभौतिकीत काही ठरावीक फटी आहेत. १९६४–६५ च्या फिजिकल रिव्ह्यूमध्ये पृष्ठांकाआधी ए किंवा बी हे अक्षर होते. लिहिणाऱ्याने ते गाळले की संदर्भ तुटतो. न्यूक्लिअर फिजिक्स ए च्या परिषद-अंकांत पृष्ठांकानंतर सी यायचे, तेही असेच गळते. अक्षर असलेले आणि नसलेले, दोन्ही प्रकार शोधा.

दुसरी गळती जास्त खोल आहे. वुड्स आणि सॅक्सन यांचा १९५४ चा अणुकेंद्रासाठीचा विभव (पोटेन्शियल) आज असंख्य पेपरांत वापरला जातो, नावानिशी, पण संदर्भयादीत तो बहुतेकदा नसतो. हाउझर-फेशबाख यांचे १९५२ चे अणु-अभिक्रियांचे सूत्रही तसेच. एखाद्याच्या नावाने पद्धत, मापदंड-संच किंवा कोड ओळखला जात असेल, तर पूर्ण मजकुरात त्या नावाचा शोध घ्या आणि तो आकडा सायटेशनमध्ये न मिसळता वेगळा नोंदवा.

तिसरी गळती प्रयोगवाल्यांची. एखाद्याने न्यूट्रॉन-ग्रहणाचा काटछेद (क्रॉस-सेक्शन, म्हणजे अभिक्रिया घडण्याच्या शक्यतेचे माप) मोजला. तो एक्सफोर या प्रायोगिक अभिक्रियादत्त-संग्रहात गेला, तिथून ईएनडीएफसारख्या मूल्यमापित ग्रंथालयात आणि तिथून गणनेच्या कोडमध्ये. कोड चालवणारा उल्लेख करतो ग्रंथालयाचा. मूळ मोजमापाचे नाव वाटेत पुसले जाते. एक्सफोरमध्ये लेखकाच्या नावाने शोधा, नोंदी मोजा, आणि कोणत्या अभिक्रिया, कोणत्या ऊर्जापट्ट्यात हे लिहा. पातळ्या आणि क्षय यांसाठी ईएनएसडीएफ या अणुरचनेच्या मूल्यमापित दत्त-संग्रहामध्ये त्या समस्थानिकाची पाने उघडा. तिथे एनएसआरच्या किल्ल्या दिलेल्या असतात. स्वीकृत मूल्य या संशोधकाच्या पेपरवरून घेतले आहे की नुसता तुलनेसाठी उल्लेख आहे, हे दोन मिनिटांत कळते. यातले काहीही एच-इंडेक्समध्ये येत नाही. स्पेक्ट्रोस्कोपिस्टच्या बाबतीत एवढी एक तपासणी इतर सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त सांगून जाते.

सर्वाधिक सायटेशनच्या पाच पेपरांसाठी उल्लेख करणारे प्रत्येकी २० पेपर उघडून वाक्य वाचा. तीन खुणा पुरेत: दत्त किंवा पद्धत प्रत्यक्ष वापरली, निकालाशी तुलना केली, की प्रस्तावनेत सात-आठ संदर्भांच्या जुडग्यात नाव आले. शंभर वाक्ये दीड-दोन दिवसांत होतात.

अहवालात काय लिहायचे

पहिल्या ओळीत डेटाबेस आणि मोजणीची तारीख. दोन संशोधकांची तुलना असेल तर दोघांचेही आकडे त्याच डेटाबेसमधून, त्याच आठवड्यात घेतलेले असावेत. स्कॉलरचा एक आणि स्कोपसचा दुसरा असे कधीही शेजारी ठेवू नयेत. मग प्रकारवार तक्ता, प्रत्येक प्रकाराचा स्वतंत्र एच-इंडेक्स, पूर्ण आणि अंशतः सायटेशन, शतमाने. त्यानंतर एक्सफोर आणि ईएनएसडीएफच्या नोंदी, आणि वाचलेल्या शंभर वाक्यांचा गोषवारा. संशोधकाने स्वतः निवडलेले पाच पेपर, प्रत्येकासोबत त्याच्या वाट्याच्या कामाची दोन ओळींची नोंद, हेही जोडा.

मसुदा संशोधकाला दाखवा आणि दुरुस्तीला दोन आठवडे द्या. गाळलेला पेपर किंवा दुसऱ्याचा शिरलेला पेपर त्याला लगेच दिसतो. आक्षेप आला तर आकडा थेट बदलू नका. तक्त्यातली ती ओळ दुरुस्त करा आणि सगळे पुन्हा काढा, म्हणजे एच-इंडेक्स आणि शतमाने एकमेकांशी जुळलेली राहतात. निर्यात केलेल्या मूळ फाइली तारखेसह जपून ठेवा. सायटेशन रोज बदलतात. पुढच्या वर्षी हाच आढावा करताना पक्की यादी तयार असेल तर फक्त नवे पेपर जोडून शेवटचे चार रकाने पुन्हा भरावे लागतात.